मर्व्हिनची वाफ

मर्व्हिनने व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, झुरका घेतला, क्लबभर आंब्याचा गोडमिट्ट वास पसरला आणि सभेतला शेवटचा विषय निघाला: आत बसून वाफ सोडू द्यायची की नाही.

"धूर नाही हा, वाफ आहे," मर्व्हिन म्हणाला. "उद्या चहाच्या किटलीलाही बाहेर उभं कराल."

"किटली माझ्या तोंडावर फुंकत नाही," ट्रिश म्हणाली. बंदीचा ठराव तिचाच. टास्मानियातल्या त्या चिमुकल्या गावच्या स्वयंसेवी बंबाची प्रमुखही तीच, आणि तिच्या पथकातले सहाही जण बंदीच्याच बाजूचे.

अध्यक्षांच्या खुर्चीत नोरीन होती. वीस वर्षांपूर्वी सिगारेटबंदीचा नियम तिनेच लिहिला होता, आणि पहिला बाहेर गेला तो तिचा नवरा, लेन. मग दर शुक्रवारी ही आत पत्ते खेळायची आणि तो व्हरांड्यात, कोटाची कॉलर वर करून. हवा स्वच्छ झाली, ते खरंच. पण लेन वारल्यापासून तिला आठवायची ती काचेपलीकडची त्याची पाठ. आता मर्व्हिनलाही हाकलायचं?

"बघाच, काही होतं का," म्हणत मर्व्हिन खुर्चीवर चढला आणि त्याने छताकडे भलामोठा लोट सोडला.

छतावरची आगीची घंटा कोकलू लागली. लगेच ट्रिशच्या आणि आणखी सहा जणांच्या कमरेचे पेजर वाजले.

"अगं, इथे काही जळत नाहीये," नोरीन म्हणाली.

"दिसतंय मला," ट्रिश दातओठ खात म्हणाली. "पण घंटा झाली की बंब घेऊन यायचं, नियम आहे."

आणि ते सातही बंदीवाले धावत सुटले, बंब घेऊन इथेच परत यायला.

मर्व्हिनचे डोळे चमकले. "आता मत घेऊन टाक, नोरीन."

"लबाडा."

"सभा चालू आहे ना?"

होती. हात वर झाले. पाच विरुद्ध पाच. निर्णायक मत अध्यक्षांचं; सगळे नोरीनकडे बघू लागले.

"बंदी," ती म्हणाली. "शनिवारी इथे बाळं रांगतात."

मर्व्हिनचा चेहरा पडला. "लेनची बायको ना तू?"

"म्हणूनच. ऊठ, पत्ते घे." तिने स्वतःची खुर्ची उचलली.

"तू कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. थंडी आहे बाहेर, एकट्याने बसवत नाही."

हे शेवटचं ती जरा हळू बोलली.

व्हरांड्यात वारा झोंबत होता. तिने पत्ते पिसले. पत्ते बाहेर म्हटल्यावर आतल्यांना करमेना. एकेक जण खुर्ची ओढत आला.

बंब आला. हेल्मेट घातलेली ट्रिश पाइप घेऊन आत घुसली आणि तशीच बाहेर आली.

"आत तर कोणीच नाही."

"धूरही नाही," नोरीन पत्ते वाटत म्हणाली. "तुझा ठराव पास झालाय. जा, बस आत."

ट्रिशने उजेडाने भरलेल्या रिकाम्या दालनाकडे पाहिलं, मग हेल्मेट काढलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "मलाही वाटा."