दोरीचा झोळ

सन २००६. मला सदुसष्टावं चालू होतं आणि माझे शेजारी शेखसर चहा कसा निवतो याचा आलेख काढत होते.

शनिवार पेठेत आमची दारं एकाच गॅलरीत. सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. मी सुतार. शिक्षण तिसरी, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. त्यांच्या जुबेदाभाभी गेल्या आणि सरांनी संगणक घेतला. मिनिटामिनिटाला कपात थर्मामीटर बुडवायचा, आकडे स्प्रेडशीटच्या रकान्यांत भरायचे, मग ते ठिपके ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन त्यांतून रेघ ओढायची. तोवर चहा पार गार. "क्ष द्या, य घ्या," हे त्यांचं पालुपद. क्ष म्हणजे आपण देतो तो आकडा, य म्हणजे त्याचं उत्तर. दूधवाल्यालाही हेच ऐकवायचे. तो म्हणायचा, "सर, आधी पातेलं द्या, मग दूध घ्या."

एके दिवशी हाक आली. "अहो मिस्त्री, ओळंबा आणता का?"

त्यांच्या दारापुढची कपडे वाळत घालायची दोरी मापायची होती. दहा फूट दोरी, मधे हा एवढा झोळ. गुडघ्यांमुळे सरांना स्टुलावर चढवेना, म्हणून मी चढलो. खुंटीपासून खुंटीपर्यंत सुतळी ताणली, दर वितीला ओळंबा सोडला आणि दोरी किती खाली आहे ते सांगत गेलो. वीत म्हणजे क्ष, खाली किती ते य.

"झोळ मोजायला संगणक लागतो, हे आज कळलं," मी म्हटलं.

"झोळ नव्हे. वक्र म्हणा."

"सर, फळीला असा वक्र आला तर गिऱ्हाईक फळी परत आणतं."

आठवड्याने त्यांनी खऱ्या मापात छापलेली लांबलचक गुंडाळी माझ्या हातात ठेवली. "एक प्रत तुमच्याकडे असू द्या. दोरी कुजते, आकडे कुजत नाहीत." मी ती न उघडता कपाटामागे टाकली. पन्नास वर्षं कमानी नुसत्या नजरेनं काढल्या, मला कागद कशाला?

पुढे सर चार दिवस मांजरी गावाला लेकीकडे गेले. मला ती दोरी बघवेना. सुताराच्या शेजारी झोळ म्हणजे माझ्याच नावाला बट्टा. अशी ताठ बांधली, की टिचकी मारली तर वाजावी.

संध्याकाळी सर परतले. पिशवी हातातच, आणि नजर दोरीवर.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"सरळ. सरळ रेघ कुणालाही मारता येते, मिस्त्री." आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ना चहा, ना क्ष.

आमची ही म्हणाली, "मग सैल करा की."

केवढी सैल, इथंच मी अडलो. त्या झोळाकडे मी नीट कधी पाहिलंच नव्हतं. फक्त नावं ठेवली होती. शेवटी कपाटामागची गुंडाळी काढली. निळी रेघ, दर वितीला ठिपका. सगळ्यांत खालच्या ठिपक्यापाशी सरांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'इथे जुबेदाचा हात पोहोचे.'

भाभी बुटक्या होत्या. तरी त्यांना कधी स्टूल घेताना पाहिलं नाही. ओल्या चादरीसुद्धा टाच न उचलता घालायच्या. ते असं होतं तर.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कागद प्लायवर डकवला, रेघेवरून फर्मा कापला, टोकं खुंट्यांना लावून उभा केला आणि दोरी हळूहळू सोडत त्यावर टेकवली. आवाजाने सर दारात आले. एक डोळा मिटून पाहिलं.

"बोटभर वर आहे."

"फर्मा तुमचाच आहे," मी म्हटलं. "ओली चादर पडली की बसेल."

ते आत गेले. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. भिजलेली चादर घेऊन ते बाहेर आले, तेव्हा पिळायला दुसरं टोक मी धरलं.