सुभानराव गव्हाणे यांणी मैदान सोडोन वाणी धरिली त्याची हकीकत

ज्याणे आभाळ उंच केले आणि वर गेले ते खाली येईल ऐसा नेम घातला, त्या जगदीश्वरास दंडवत करोन लिहिले जाते ऐसे जे : शके अठराशे नव्याण्णव, पिंगळनाम संवत्सरी, एका राज्यात बेसबॉल म्हणोन चेंडूदांडक्याचा खेळ थोर मान्यता पावला होता. राज्याचे संघी सुभानराव गव्हाणे मैदानाचे पिछाडीस उजवी चौकी राखीत. उंच चेंडू धावोन झेलावा आणि तेथोनच ऐसा फेकावा की धावता गडी बाद व्हावा, ऐशी त्यांची ख्याती. कैक वर्षे चौकी राखिली आणि मग एके दिवशी फेकता फेकता खांदा निखळला. वैद्य बोलिले, "राव, हात जेवणापुरता राहील. खेळ सरला." मग त्यांचे जागी मल्हारी पिसाळ म्हणोन कोवळा गडी नेमिला आणि सुभानराव घरी बैसले, मल्हारीचे नाव निघता उठोन जात. कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, "रात्ररात्र जागोन घरात भिंतींशी बोलता, ते चारचौघांत तरी बोला." इतक्यात रेडिओवर खेळाचे वर्णन करावे ऐसे बोलावणे आले आणि राव नाइलाजे गेले.

मग वैशाखमासी शेजारील राज्याशी निकराचा सामना पडला. अखेरचे डावी चेंडू मल्हारीकडे उंच गेला आणि हातोन सुटला. लोक खवळले, चपला मैदानी पडो लागल्या. वर्णनातील जोडीदार त्र्यंबकपंत कुजबुजले, "राव, बोला. सारे राज्य ऐकते आहे." रावांचे मनी आनंदाची उकळी फुटली आणि लागलीच तिची लाज वाटली. मग घसा खाकरोन बोलिले, "मंडळी, त्या कोपऱ्यात या वेळी सूर्य थेट डोळ्यांत उतरतो. चेंडू दिसतच नाही. पोर तरी जागा सोडोन पळाले नाही, हे ध्यानी घ्या." लोकांचे कानी ट्रान्झिस्टर होते, त्यांणी ऐकिले आणि गलबला निवाला. पुढील चेंडूही तिकडेच गेला आणि मल्हारीने डोळ्यांवर हात धरोन झेलिला. सामना राखिला.

मग मल्हारी धापा टाकीत वर वर्णनाचे खोलीत आला, म्हणाला, "दादा, आज तुम्ही मला पुरते सोलणार ऐसे वाटले होते."

"मनात आले होते," राव म्हणाले, आणि दोघेही हसत सुटले.

एणेप्रमाणे वर्तले. सुभानरावांनी पुढे बहुत वर्षे वर्णन केले. खांदा काही बरा जाहला नाही. परंतु त्या सामन्याचे दिवशी घरी येवोन निजले, ते उन्हे माथ्यावर येईतो उठले नाहीत. सगुणाबाईंनीही उठविले नाही. इति.