झिपरूमामाचा सांधा

माझ्या लग्नात मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्यावर अडली, ती झिपरूमामामुळे. हा माझा सख्खा मामा. अक्षता टाकायच्या सोडून तो मांडवाच्या खांबावर चढला, कर्ण्याच्या तारेचा पट्टी गुंडाळलेला सांधा उलट्या हाताने चाचपला आणि ओरडला, "बंद करा! ऊन लागस!" सांधा ऊन, म्हणजे गरम, लागत होता. कर्णा बंद पडला, भटजी बंद पडले, आणि मामाने सांधा सोडवून नव्याने बांधेपर्यंत आम्ही नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभे. खाली उतरून त्याने दम भरला तो माझ्या सासऱ्यांनाच. "असा सांधा करनारले मांडवमां येऊ देतस का?"

शहाद्याला एस.टी. स्टँडच्या मागे मामाचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की केळीवाले पाटील ती बैलगाडीत घालून त्याच्याकडे आणायचे. मामा तिचं वाइंडिंग नव्याने करायचा, मोटार चालू करायचा आणि तासभर सांध्यावर उलटा हात टेकून बसायचा. सांधा गरम झाला म्हणजे वीज तिथे मुरली, असं त्याचं गणित. "करंट तारमां नही मरत, सांधामां मरस," हे त्याच्याकडून ऐकलं नाही असा माणूस तालुक्यात नसावा. घरात कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा अखंड लागायची. गाठ दिसली की ह्याला जेवण जात नसे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे चाळे सोसायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईला एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. सुट्टीत आलो तेव्हा मामाला आमच्याकडच्या एका तारेबद्दल सांगितलं. पातळ केलेल्या हेलियम वायूत, म्हणजे बर्फाहून कितीतरी गार अशा द्रवात बुडवली, की ही तार विजेला अजिबात अडवत नाही. तिचं बंद कडं करा, त्यात एकदा करंट फिरवा, मग बॅटरी खुशाल काढून न्या. करंट आपला फिरतच राहतो. शेजारी होकायंत्र ठेवायचं. त्याची सुई कड्याकडे वळून राहिली तर करंट जिवंत, उत्तरेला परतली की संपला.

वाटलं, मामा मला वेड्यात काढेल. त्याने एवढंच विचारलं, "अन् सांधा कोन करस?"

घोडं तिथेच पेंड खात होतं. कड्याला एक तरी सांधा लागतोच. आमच्या साहेबांनी परदेशी यंत्रावर सांधे केले, पण पाव तासात सुई उत्तरेला. हे काम इथे जमणार नाही, तयार कडं बाहेरून मागवू, असं साहेब म्हणायला लागले होते.

मामा भडकलाच. "बाहेरथीन? कसाले? मी मरेल शे का? तार आन!"

दिवाळीला मी हातभर तुकडा नेला. मामाने सोनाराकडून तेजाब आणून टोकांवरचं तांब्याचं कवच आधी उतरवलं. कथील वितळवून डाख देऊ या का, असं मी विचारलं तर अंगावर आला. "डाख परका शे. तारले तारच भेटाले जोयजे." कडं केवढं हवं? फ्लास्कचं तोंड लहान, मनगटात जाईल एवढं पुरे, मी म्हणालो. तो आत गेला आणि कशावर तरी तार वळवून घेऊन आला. मग टोकं खरवडली, हवा लागायच्या आत एकावर एक धरली आणि ऐरणीवर हातोडीचे घाव घातले. तेवढा वेळ त्याने श्वास घेतला नाही आणि मलाही घेऊ दिला नाही.

कडं बघून साहेब हसले. "हे लोहारकाम झालं!" पण हेलियम उरला होता म्हणून बुडवलं. सुई वळली. पाव तास गेला, तास गेला, साहेब जेवायला उठेनात. संध्याकाळी हेलियम उडून गेला तेव्हा कुठे सुई उत्तरेला गेली. तोवर ती केसभरही ढळली नव्हती. साहेबांनी कडं नमुना म्हणून कपाटात ठेवलं आणि ते करणाऱ्या मिस्त्रींना प्रशस्तिपत्र देऊ म्हणाले. मी लगेच मामाला कळवलं.

उत्तराला पोस्टकार्ड आलं. "प्रशस्तिपत्र साहेबांनाच राहू दे. कडं परत आण." मी चालढकल केली. दुसरं कार्ड आलं: "न आणल्यास मी हातोडी घेऊन येतो." ते मी साहेबांना शब्दशः वाचून दाखवलं. कडं मिळालं.

"करंट थांबना कसा?" शेवटी तो थांबला कशाने, हे मामाने मी दुकानात पाऊल टाकताच विचारलं.

"हेलियम सरी गया, मामा."

"मंग मन्हा सांधा नही मरना! तुमनं पानी आटी गयं!" हे त्याने रस्त्यावर जाऊन चहावाल्याला आणि दोन कंडक्टरांना ऐकवलं. मग आत येऊन फळीवरचा डबा काढला. डब्यात काचेची एकच हिरवी बांगडी होती. मामाने कडं तिच्यावर ठेवलं. माप तंतोतंत तेच.

"तुन्ही मामीनी शे," तो म्हणाला. मग त्याने कड्याच्या सांध्यावर उलटा हात टेकला. "आठ दिन ताप व्हता. असाच हात ठेयेल व्हता तिना कपायवर. रोज ऊनच लागे. मन्हाथीन काहीच व्हयनं नही."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या उलट्या हाताला हसत होतो.

मामाने माझा हात ओढला आणि तसाच उलटा कड्यावर टेकवला. "देख. ऊन लागस का?"

"नही मामा. गार शे."

"मंग सांग तुन्हा साहेबले, सांधा गार शे," मामा म्हणाला आणि त्याने डब्याचं झाकण लावलं.