दोन नळ्या की तीन?

"दोन नळ्यांचीच घ्यायची. विषय संपला," व्हर्लिन म्हणाला.

पॉन्टून बोट म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारा, कठड्याचा ओटाच. विक्रेत्याने अशा दोन, फेरी मारून बघायला, धक्क्याला लावल्या होत्या. दोन नळ्यांची हलकी होती, तीन नळ्यांची भारदस्त.

"तीन नळ्यांची," त्याची बायको मार्लिस म्हणाली. "आईला न्यायचंय मला. तिथे तुझे प्रयोग नकोत."

आई म्हणजे टॉर्डिसबाई, वय सत्त्याऐंशी. सगळा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटात तळ्याकाठी गेला. पण लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी नवऱ्याने होडी उलटवली, तेव्हापासून बाईंनी बोटीत पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. घरदार पाण्यावर जायचं आणि त्या एकट्या काठावर खुर्ची टाकून बसायच्या. मार्लिसच्या जिवाला ते फार लागायचं. वर्षभर विनवण्या केल्यावर बाई तयार झाल्या होत्या, त्याही अट घालून. "आज घाबरले, तर पुन्हा विचारायचं नाही."

आधी तीन नळ्यांच्या बोटीतून फेरी झाली. बोट हलली नाही, बाईही हलल्या नाहीत.

"कसं वाटलं, आई?"

"वाईट नाही."

इथल्या माणसाच्या तोंडून याहून जास्त कौतुक निघत नाही. मार्लिस खूश झाली. पण व्हर्लिन हट्टाला पेटलेला. मग व्हर्लिन, मार्लिस, त्यांची मुलगी, तिचा नवरा, तीन नातवंडं, सगळे लाइफ जॅकेटं घालून दुसऱ्या बोटीत चढले. बाई पुढच्या बाकावर बसल्या, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं भांडं.

तळ्याच्या मध्यावर समोरून पाद्रीबाबांची बोट आली. त्यांनी हात केला.

या तळ्यावर कुणी हात केला आणि आपण केला नाही, तर लोक ते हिवाळ्यात तळं गोठेपर्यंत लक्षात ठेवतात. त्यात हे पाद्रीबाबा! सगळी मंडळी उठली आणि पुढच्या कठड्याशी गर्दी करून हात हलवू लागली. पाद्र्यासमोरून भरधाव जाणं बरं दिसत नाही, म्हणून व्हर्लिनने झटक्यात वेग कमी केला.

बापरे! बोटीने सरळ नाक पाण्यात खुपसलं. थंडगार पाणी भसाभस आत आलं आणि सॅलडचं भांडं घेऊन मागच्या बाजूने निघून गेलं. सगळे थिजले. वर केलेले हात वरच राहिले, पाद्रीबाबांचासुद्धा.

"मागे व्हा रे! मागे!" मुलीचा नवरा ओरडला. सगळे धडपडत मागे पळाले, तशी बोट सरळ झाली.

टॉर्डिसबाई कमरेपर्यंत भिजून बाकावरच होत्या. केसांत बटाट्याची फोड.

"झालं!" मार्लिसला रडू फुटलं. "आता आई कधीच यायची नाही!"

व्हर्लिनचा चेहरा पांढराफटक. "आई, चुकलं माझं. तीन नळ्यांचीच घेऊ. तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी फोड काढून पाण्यात टाकली.

"पासष्ट वर्षं भीत होते, ते एवढंच होय? अगं बाई, काय मजा आली!"

मजा? टॉर्डिसबाईंच्या तोंडून? बोट बुडाली असती तरी घरच्यांना एवढा धक्का बसला नसता.

"आणि तीन नळ्या कशाला, जावईबापू? तसंच ढिम्म बसायचं, तर काठावरची माझी खुर्ची काय वाईट होती? हीच घ्या."

पाद्रीबाबा घाबरून मदतीला वळले होते. बाई उठल्या, पुढच्या कठड्याशी गेल्या आणि हात हलवून ओरडल्या, "आम्ही ठीक आहोत! पुन्हा एकदा समोरून या!"

मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या सातही जणांनी एका हाताने कठडा घट्ट धरला आणि दुसरा मुकाट्याने वर केला.