इंजिनिअरने मेल हलवले

तो इंजिनिअर नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो एका विमा कंपनीत कारकून होता. पण लग्नाच्या वर्षी त्याने घरातली इस्त्री दुरुस्त केली, मोठ्या थाटात ती लावून दाखवली आणि त्याच क्षणी अख्ख्या इमारतीचे दिवे गेले. तेव्हापासून घरात, शेजारात आणि सासरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांत त्याचं नाव 'इंजिनिअर' पडलं ते पडलंच. (त्यातला टोमणा त्याला कळत नव्हता असं नाही, पण हाक कानाला बरी लागायची.)

या इंजिनिअरची बायको पडदे शिवायची. बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, कापड पसरायला लांबलचक टेबल आणि भिंतीला टेकून उभे कापडाचे तागे, असा सगळा पसारा. गिऱ्हाइकं खिडक्यांची मापं आणि फोटो मेलवर पाठवायची आणि ती एकही मेल पुसायची नाही. "उद्या त्याच खिडकीला नवा पडदा हवा झाला तर?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आता जगातल्या सगळ्या खिडक्या एकाच मेलबॉक्समध्ये कोंबल्यावर दुसरं काय होणार? बॉक्स गच्च भरला आणि नवे मेल दारातूनच परत जायला लागले. मेल सांभाळणाऱ्या जुन्या कंपनीकडे जास्त जागा मिळेना, म्हणून नव्या होस्टिंग कंपनीकडे बिऱ्हाड हलवायचं ठरलं.

"कुणी माहितगार बोलावू या का?" बायको म्हणाली.

"अगं, मी घरात असताना?"

"तुम्ही घरात आहात म्हणूनच म्हणतेय."

असं कुणी म्हटल्यावर स्वाभिमानी माणूस मागे हटतो थोडाच! सुट्टीच्या दिवशी सकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसला. जुन्या कंपनीकडे घरातली तीन खाती होती. पहिलं बायकोचं, कारण धंदा तिचा. दुसरं सासूबाईंचं, कारण त्या यांच्याकडेच राहायच्या आणि मैत्रिणींशी मेलवर गप्पा मारायच्या. तिसरं त्याचं, कारण उरलेलं तेवढंच होतं.

नव्या कंपनीकडे खाती उघडताना मात्र त्याच्यातला सुसंस्कृत माणूस जागा झाला. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव दुसऱ्या जागी? छे, छे! लग्नपत्रिका असो नाहीतर दारावरची पाटी, मोठ्यांचं नाव आधी यायचं, अशी त्याला लहानपणापासूनची शिकवण. म्हणून त्याने पहिलं खातं सासूबाईंच्या नावाने उघडलं. दुसरं स्वतःच्या. (कुठेतरी एकदा बायकोच्या पुढे नंबर लागत होता, ती संधी कोण सोडणार?) तिसरं बायकोचं. मग 'सर्व मेल हलवा' असं बटण दिसलं. त्याच्याखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. बारीक अक्षरं दुसऱ्यांनी वाचायची असतात, असं विमा कंपनीत त्याचं पक्कं मत झालेलं होतं. त्याने बटण दाबलं.

भराभर हिरव्या खुणा उमटल्या. तीन खाती, तिन्ही यशस्वी! त्याला इतका आनंद झाला की त्या भरात त्याने जुन्या कंपनीचं खातंही कायमचं बंद करून टाकलं. 'नक्की?' असं कंपनीने विचारलं. नक्की. 'मेल परत मिळणार नाहीत, तरीही?' तरीही! घर सोडल्यावर जुन्या किल्ल्या कोण खिशात बाळगतो?

सगळ्यांना नवे पासवर्ड वाटून, हात झटकून तो चहाला बसला, तोच बाहेरच्या खोलीतून हाक आली. ती हाक ऐकून त्याने कप खाली ठेवला.

"अहो! माझा एकही मेल नाही इथे!"

टेबलावर निळं कापड अंथरलेलं होतं आणि कटिंगमास्तर हातात कात्री घेऊन उभे होते. मास्तर मोठे कसबी. त्यांची तारीख मिळणं म्हणजे मुश्कील काम आणि उद्यापासून ते दुसऱ्या शहरात कामाला चालले होते. कापड कापायचं होतं एका जुन्या हॉटेलच्या खिडक्यांसाठी. तिच्या आजवरच्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी ऑर्डर. हॉटेल असं, की एक खिडकी दुसरीसारखी असेल तर शपथ. सगळी मापं मॅनेजरने मेलवर पाठवलेली. बॉक्स भरल्यामुळे ती आधी दोनदा परत गेली होती, आणि तिसऱ्यांदा कशीबशी पोचली तेव्हा त्याने फोनवर बजावलं होतं, "बाई, आता परत मागितलीत तर काम दुसऱ्या दुकानाला."

"येतील गं," इंजिनिअर म्हणाला. "वाटेत असतील."

"वाटेत? बैलगाडीने निघालेत का?"

"ताई, कापू का?" मास्तरांनी विचारलं.

"कशाच्या मापाने कापता, मास्तर? माझ्या कपाळाच्या?"

इंजिनिअरने गुपचूप आतल्या बाजूला जाऊन जुन्या कंपनीला फोन लावला.

"आमचं खातं जरा परत उघडून द्याल का?"

"ते आपणच कायमचं बंद केलंत, सर."

"हो, पण तितकं कायमचं नको होतं."

"आम्ही दोनदा विचारलं होतं, सर."

त्याने फोन ठेवला. बाहेर येऊन त्याने खरं काय ते सांगितलं. त्याला वाटलं, आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. तागे उभे होते तिथे खाली बसली आणि कापडाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा इस्त्री फेकून मारली असती तरी परवडलं असतं. त्या क्षणी त्याला स्वतःचा मनापासून राग आला.

इतक्यात तिचा फोन वाजला. हॉटेलचा असेल म्हणून तिने लगेच उचलला.

"तुमचा मेल मिळाला हो," एक अनोळखी बाई म्हणाल्या. "बदकांच्या पडद्यांबद्दल."

"कुठली बदकं?"

"मी बाळाच्या खोलीसाठी विचारलं होतं ना! आता बाळ दाढी करतो. पण तुम्ही इतक्या वर्षांनी आठवणीने उत्तर दिलंत, मला भरूनच आलं. बदकं राहू द्या, हॉलसाठी शिवून द्याल का?"

ती काही बोलायच्या आत दुसरा फोन. एका दवाखान्याच्या डॉक्टरांचा. "तुम्ही लिहिलंय, 'आपला निरोप मिळाला, कृपया थांबा.' अहो, दवाखाना विकून मी निवृत्त झालो. अजून किती थांबू?"

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्या नावाने कोण लिहितंय?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून येणारा आवाज त्यांना ऐकू आला. टक, टक, टक. कुणीतरी मन लावून टाइप करत होतं.

सासूबाई चष्मा नाकावर घेऊन ताठ बसल्या होत्या. त्या जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. वाजलेली घंटा उचलायचीच आणि समोरच्याला उत्तर द्यायचंच, ही त्यांची शिस्त नोकरी सुटली तरी सुटली नव्हती.

"या, या," त्या वर न बघता म्हणाल्या. "किती लोकांना तू उत्तरच दिलं नव्हतंस गं! मी सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केलीय."

"आई, हे मेल तुझ्याकडे कसे आले?"

"कसे म्हणजे? मला काहीतरी काम दे म्हणून मी किती दिवस मागे लागलेय. मला वाटलं, शेवटी दिलंस."

आता बारीक अक्षरं वाचणं भाग होतं. इंजिनिअरने वाचली. पहिल्या खात्याचे मेल पहिल्या खात्यात जातील, दुसऱ्याचे दुसऱ्यात, तिसऱ्याचे तिसऱ्यात. मोठ्यांना मान दिल्याचं हे फळ! पण बायकोला कारणं ऐकायला सवड नव्हती. ती आईच्या खांद्यावरून वाकून हॉटेलचा मेल शोधत होती आणि तो सापडला. सगळ्या खिडक्या, लांबी-रुंदीसकट, एकूण एक!

तिचा जीव भांड्यात पडला. तिने आधी आईला मिठी मारली, मग चुकून नवऱ्यालाही मारली. बाहेर मास्तरांची कात्री कापडातून सरसर चालायला लागली आणि तो आवाज ऐकत इंजिनिअर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. इतकं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. पत्रव्यवहाराचं खातं सासूबाईंकडेच ठेवायचं, असं मायलेकींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हॉलच्या पडद्यांची ऑर्डर तर मिळालीच होती.

कौतुकाचे दोन शब्द पदरात पडतात का म्हणून तो थोडा वेळ घुटमळला. मग बसून त्याने स्वतःचा बॉक्स उघडला. त्यात सासूबाईंच्या मैत्रिणींची गुडघेदुखी होती, त्यांच्या नातवंडांचे फोटो होते.

"अगं, आईंचे मेल माझ्याकडे आलेत. म्हणजे माझे तुझ्याकडे असणार. बघ जरा."

बायकोने जीभ चावली. "ते तुमचे होते?"

"होते म्हणजे?"

"सकाळी बॉक्स उघडला तर नुसता कचरा. केस वाढवायचं तेल, 'अभिनंदन, आपण भाग्यवान विजेते', 'फक्त आजच स्वस्तात चपला'. मला वाटलं, नव्या कंपनीच्या जाहिराती असतील. मी सगळं कायमचं पुसून टाकलं." ती खरंच ओशाळली. "काही महत्त्वाचं होतं का हो त्यात?"

त्याने रागवायला तोंड उघडलं. मग आठवायला लागला. बराच वेळ आठवत बसला. तोंड हळूहळू मिटलं.

सासूबाईंना त्याची दया आली. "असू द्या, जावईबापू. रिकामा बॉक्स बरा दिसत नाही. मीच पाठवते एखादा."

टक, टक, टक. नव्या कंपनीची सेवा खरोखर उत्तम होती. सासूबाईंचा मेल कुठेही न चुकता थेट त्याच्याच बॉक्समध्ये आला. लिहिलं होतं, 'कचऱ्याचा डबा खाली न्यायचा राहिलाय.'