नारायण मास्तरांना सुरुवात सापडेना

आमचे नारायण मास्तर साधं पाणी मागायचे, तेही निबंधासारखं. "आज ऊन बेज्या हाय. घसा सुकून राह्यला. तवा आता पानी द्या." प्रस्तावना, मुद्दा, समारोप! तोवर शिपाई घागर घेऊन दुसऱ्या वर्गात पोचलेला असे.

लढाईमुळे रॉकेल मिळेना, तेव्हाची ही गोष्ट. वाशिमच्या एका शाळेत मीही मास्तर होतो आणि आमचे वर्ग शेजारी होते. निबंध शिकवताना मास्तरांच्या येरझारा चालत. दारापाशी ओरडत, "इथं सुरुवात! कायावर लिवता ते आंदी सांगा." मधल्या बाकांशी, "इथं मुद्दे. एका परिच्छेदात एकच. दुसरा घुसला तं त्याले बाहेर काढा!" मागच्या भिंतीशी, "अन् इथं शेवट. नवं काही आनू नका. समेटा अन् थांबा." स्वतः मात्र थांबत नसत, वळून पुन्हा दाराकडे.

सगळ्यात निबंध शोधायची ही खोड एकदा महागात पडली. त्यांच्या बहिणीच्या, चंद्राच्या लग्नात नवरदेवाचे वडील चार शब्द बोलायला उठले, तर हे भर मांडवात ओरडले, "मुद्दा सुटला, बुवा!" तेव्हापासून चंद्राचं रिठदचं सासर त्यांना बंद झालं.

पुढे बऱ्याच वर्षांनी चंद्राचा नवरा वारला. सासरा आधीच गेलेला. निरोप आला, तरी मास्तर निघेनात. रोज मला विचारत, "'देवाची मर्जी' असं सुरू करू?"

"नको."

"मंग 'मले लई वाईट वाटलं'?"

"हे चांगलं आहे."

"पन हे तं शेवटी पाह्यजे!"

अखेर एका रविवारी मीच बैलगाडी सांगितली. वाटेत ते सारखे उतरत, चालत, पुन्हा चढत. ओठ हलतच होते.

चंद्रा दारातच उभी होती. कपाळ मोकळं. मास्तरांनी घसा खाकरला.

"चंद्रे, मी तीन गोष्टी सांगाले आलो. पयली अशी का..."

"केवढा वाळला रे दादा," ती म्हणाली. "जेवला का?"

मास्तर "नाही" म्हणाले, ओट्यावर बसले आणि हमसून रडायला लागले.

"इतके दिवस काहून नाही आला?"

"काय बोलावं, समजेच ना."

"बोलाले कोन बलावलं होतं तुले?"

मी बैलांना पाणी दाखवायला गेलो. परतलो तेव्हा मास्तर भाकरी खात होते आणि चंद्रा शेजारी बसून त्यांच्या ठेच्यावर तेल सोडत होती.