पाय न टेकवता अकरा फेऱ्या

"अकरा! लिहून ठेव. अकरा फेऱ्या मारणार, आणि मधी पाणी प्यायलासुद्धा उतरणार न्हाई!"

वीरण्णांनी ही घोषणा रविवारी रात्री जेवताना केली, तोंडात भाकरी असताना. समोर बायको तुळजाबाई. तिनं वरण वाढलं आणि शांतपणे विचारलं, "आणि न्हाई झाल्या तर?"

हा प्रश्न उगं आला नव्हता. वीरण्णा माणूस लाखात एक. लातूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं नोकरी, कुणाशी भांडण न्हाई, कुणाचं वाईट चिंतणं न्हाई. पण सुरू केलेलं काम पुरं करायचं म्हटलं की यांच्या अंगावर काटा यायचा. हार्मोनियम आणली, 'सारेगम'च्या 'ग'वर सोडली. मधमाशा पाळल्या, त्या तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडं राहायला गेल्या. योगासनं लावली आणि शवासन तेवढं टिकलं. आता दीड महिन्यापासून सायकल! तीही साधी न्हाई, बोटाएवढ्या टायरची, मुंडी खाली घालून चालवायची.

"न्हाई झाल्या तर सायकल उदगीरला तुझ्या भावाला देऊन टाकीन," वीरण्णा जोशात बोलून गेले.

"एक जरी कमी पडली तरी?"

"अर्धी जरी कमी पडली तरी!"

बोलल्यावर लगेच त्यांना पस्तावा झाला. कारण खरं सांगायचं तर या सायकलवर त्यांचा जीव जडला होता. बावन्नाव्या वर्षी सकाळच्या वाऱ्यात एकट्यानं जाताना त्यांना वाटायचं, आपण अजून कामातून गेलो न्हाई. ही गेली तर मग काय उरलं? पुन्हा बाटल्या आणि परीक्षानळ्या!

दुसऱ्या दिवशी श्रावणातला सोमवार. कॉलेजला सुट्टी. टेम्पोत सायकल टाकून नवरा-बायको निलंगा रोडवरच्या वनउद्यानात पोचले. वनखात्यानं तिथं टेकडीभोवती चार किलोमीटरची गुळगुळीत डांबरी सायकल-वाट केली आहे. दोन्ही बाजूंना साग, खाली घाणेरीची झुडपं, मधी एकच चढ, तोही गेटवरून दिसेल असा. आणि टेकडीच्या माथ्यावर महादेवाचं देऊळ. म्हणजे वाटेनं एक चक्कर मारली की देवाला आपोआप प्रदक्षिणा घडते. वनखात्याच्या हे ध्यानात आलं नसेल, पण लोकांच्या आलं होतं.

वीरण्णांनी पिशवीतून नवे बूट काढले. तळाला लोखंडी पट्टी. पेडलवर पाय ठेवून दाबला की खटकन अडकतो, घसरायचा प्रश्नच न्हाई. दुकानदार दाखवत होता, "असा अडकवायचा, आणि काढताना..." तेवढ्यात वीरण्णा म्हणाले होते, "माहीत हाय, माहीत हाय!" आजवर ते चपला घालूनच सायकल चालवत होते. आज बुटांचा मुहूर्त.

खट! खट! दोन्ही पाय अडकले. वीरण्णा निघाले. आणि काय निघाले! वळणावर सायकल अशी झुकली की वनरक्षक आरतीताईसुद्धा गेटवरून बघत राहिली. पहिली फेरी, दुसरी फेरी. तुळजाबाई गेटजवळच्या पिंपळाच्या पारावर बसून दर फेरीला बेलाचं एक पान बाजूला ठेवत होती.

तिसऱ्या फेरीला चढावर मांड्या पेटल्या. घसा कोरडा. वीरण्णांच्या मनात नेहमीचा विचार आला, 'झालं तेवढं लई झालं.' लगेच समर्थनही तयार झालं. डोकं दुखलं म्हणू. सायकल जाईल उदगीरला, जाऊ दे, मेव्हणा काय परका हाय? गेटपाशी येऊन ते थांबायला गेले. उजवा पाय वर ओढला.

पाय निघेना.

डावा ओढला. तोही निघेना. पुढं ओढला, मागं ओढला, हिसडला. पाय पेडलला सोडेना आणि पेडल पायाला! खाली वाकून बुटाचा पट्टा सोडवायला गेले तर सायकल सरळ घाणेरीत शिरायला निघाली. कसंबसं सावरलं आणि चौथी फेरी सुरू झाली.

इकडं पारावर बेल-फुलं विकणारी गंगम्मा तुळजाबाईशेजारी टेकली होती. तिनं पाठोपाठ चार वेळा हे ध्यान जाताना बघितलं.

"मालक का तुमचे?"

"हाव."

"किती फेऱ्या हायेत?"

"अकरा."

"आणि पाय न टेकवता?"

"सध्या तरी तसंच दिसून राहिलंय," तुळजाबाई म्हणाली.

झालं! गंगम्मानं दोन्ही हात कपाळाला लावले. श्रावणी सोमवार, महादेवाला अकरा प्रदक्षिणा, पाय भुईला लागू द्यायचा न्हाई. याला नवस म्हणत न्हाईत तर काय म्हणतेत? पाच मिनिटांत ही बातमी टेकडीवर पोचली, आणि दर्शनाची रांग मोडून लोक खाली वाटेवर आले.

पाचव्या फेरीला वीरण्णांना दोन्ही बाजूंना माणसं दिसली. त्यांना वाटलं, देव पावला! आता कुणीतरी धरील. "धरा! मला धरा!" ते ओरडले.

चार तगड्या गड्यांनी धरलंही. सीटला, पाठीला, दंडाला. आणि चढ संपेपर्यंत पळत ढकलून पुढं सोडून दिलं! "भिऊ नका अण्णा! आम्ही हाव! पाय टेकू देत न्हाई तुमचा!"

"अवं, मला टेकवायचाच हाय!" हे वाक्य वीरण्णा बोलले, पण तोवर ते उताराला लागले होते.

सहाव्या फेरीला हलगीवाले आले. हलगी कडाडली की माणसाला शेजारच्याचं ऐकू येत न्हाई, तिथं सायकलवरून जाणाऱ्याचं काय येणार? वीरण्णांनी सगळी लाज सोडली आणि तोंड उघडलं, "बूट अडकला हो!" तोंड उघडं दिसल्याबरोबर एका बाईनं त्यात सोललेलं केळं घातलं. अर्धापूरचं होतं, चांगलं टणक. ते चावून गिळेपर्यंत गर्दी मागं पडली.

सातव्या फेरीला त्यांनी शेवटचा उपाय केला. विजेच्या खांबाला मिठी मारायची! नेम धरून ते खांबाकडं वळले तर पंधरा माणसं आडवी आली. "अण्णांना घेरी आली! सांभाळा! नवस मोडंल!" पुन्हा उचलून वाटेवर. कुणी गळ्यात हार घातला, कुणी पाठीवर गार पाण्याचा तांब्या ओतला, आणि एका म्हाताऱ्यानं चालत्या चाकाला हळद-कुंकू लावायचा प्रयत्न केला. ते सगळं वीरण्णांच्या पोटरीला लागलं.

आठवी फेरी रडत गेली. खरंच डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं भक्तीचं आहे. तेही रडले.

मग नवव्या फेरीत एक नवल घडलं. चढाच्या पायथ्याशी गडी ढकलायला पुढं आले आणि वीरण्णा एकदम खेकसले, "हात लावू नका! मी जातो!"

का म्हणाले ते त्यांनाही कळलं न्हाई. पण पायांना लय सापडली होती. श्वास जागेवर आला होता. सागाच्या पानांतून गार वारा येत होता आणि चाकांचा सुर्र असा आवाज तेवढा कानात. वीरण्णा उभ्या चढाला एकटे भिडले, दात-ओठ खात, इंच-इंच. आणि वर पोचले! स्वतःच्या पायांवर! गर्दी आ वासून बघत राहिली. माणूस बाटल्या मांडणारा असो न्हाईतर कुणी असो, त्या क्षणी त्याला बघून कुणाचीही छाती भरून आली असती.

दहावी फेरी. पारावर दहावं पान.

अकराव्या फेरीला वीरण्णांना थांबायचं नव्हतंच. पूर्ण करायचं होतं. हे असलं काही त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. गेट दिसलं. हलगी टिपेला गेली. "हर हर महादेव!" गेटपुढची रेघ ओलांडली! अकरा!

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की पाय अजून अडकलेलेच आहेत.

सायकलचा वेग कमी झाला. ती डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली. गर्दीतून तुळजाबाई पुढं आली, तिनं एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्यानं नवऱ्याचा दंड, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "टाच बाहेर फिरवा."

"काय?"

"टाच हो! बाहेर फिरवा. ओढू नका."

वीरण्णांनी टाच फिरवली. खट! लोण्यातून सुरी निघावी तसा पाय निघाला. दुसरी फिरवली. खट!

ते जमिनीवर उभे राहिले. त्यांनी तुळजाबाईचा खांदा घट्ट धरला. बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तुला... हे माहीत होतं?"

"आरतीताईनं सांगितलं. ती पण असलेच बूट घालते म्हणं."

"कधी सांगितलं?"

"चौथी फेरी चालू होती तवा."

"आणि तू मला आता सांगून राहिलीस? सात फेऱ्या झाल्यावर? अगं, मेलो असतो मी!"

"तवाच सांगितलं असतं," तुळजाबाई पदरानं त्यांचं कपाळ पुसत म्हणाली, "तर पाचवी मारली असती का तुम्ही?"

वीरण्णांनी लई विचार केला. खोटं बोलायलासुद्धा अंगात ताकद उरली नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "तिथंच आडवा झालो असतो."

"मग? पण नववीला त्या लोकांना हाकलून दिलंत ना, ते मी बघितलं बरं का." तिनं त्यांच्या गळ्यातला हार नीट केला. "लई भारी दिसलात. राहू द्या सायकल घरीच."

तेवढ्यात गंगम्मा गर्दीतून वाट काढत आली. तिनं वीरण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, बुटांसकट. मग हात जोडून विचारलं, "अण्णा, एवढा कडक नवस... कशासाठी बोलला होता?"

हलगी थांबली. सगळे कान टवकारून उभे. वीरण्णांनी बायकोकडं बघितलं.

"ह्यांच्या हातून एक तरी काम शेवटापर्यंत व्हावं म्हणून," तुळजाबाईनं सांगून टाकलं. "नवस बोलले होते मी. वीस वर्षं झाली. पाय तेवढे ह्यांचे."

लोकांनी पुन्हा जयजयकार केला. या खेपेला तुळजाबाईचा. वीरण्णांनीही टाळ्या वाजवल्या असत्या, पण तिचा खांदा सोडला असता तर ते खाली पडले असते.